बडोदे मंडळी: ताईच्या पन्नाशीची भिंत

शनिवार, रात्री

मी: मंडळी, एक ठरवलंय. जानेवारीत माझी पन्नाशी. हॉल, केक, डीजे काही नको. क्लाइंबिंगच्या आपल्या १२ मीटरच्या भिंतीवर एका दिवसात ५० वेळा चढायचं. दोर वरून लावलेला असतो, हात सुटला तरी माणूस तिथल्या तिथे लटकतो. सगळे मिळून ६०० मीटर. केवडियाचा १८२ मीटरचा पुतळा तीनदा चढून वर ५४ मीटर उरतात.

दादा: पुतळ्याला लिफ्ट आहे.

आई: पन्नाशीला वैष्णवी शांत करतात. गुरुजींशी माझं बोलणं झालंय.

मी: करू की शांत. आदल्या रविवारी.

वहिनी: वन्सं, खरंच की काय? मला वाटलं अबूला वगैरे जाल.

नानाकाका (दांडिया बाजार): 🌹 शुभ रात्री. झोपण्यापूर्वी एक ग्लास कोमट पाणी...

नानाकाका: ते चुकून आलं. पोरी, भिंत कशाला? पावागड तासाभरावर आहे. खरा कातळ सोडून प्लास्टिकच्या खुंट्यांवर चढायचं? आम्ही माणिकरावांच्या आखाड्यात मल्लखांब केला, त्याला ना दोर ना गादी.

मी: नानाकाका, पावागडला मी जातेच. वरचा कातळ ऱ्हायोलाइट, खालचा बेसाल्ट, हाताला दोन्हींची चव वेगळी लागते. पण तिथे आधी वर दोर बांधायला माणसं हवीत, मधमाश्यांची पोळी बघायला हवीत, आणि काही झालं तर माणूस खाली आणण्यातच अर्धा दिवस जातो. शिवाय चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा आहे, वाटेल तिथे खिळे ठोकून चालत नाही. पन्नास वेळा तेच ते करायचं तर भिंतच बरी.

चिरंजीव (बंगळूर): नानाआजोबा, तिची पहिली कल्पना तुम्हाला सांगितली नाही वाटतं. एव्हरेस्टची उंची भिंतीवर मोजायची होती. ८,८४८.८६ मीटर भागिले १२. ७३८ वेळा!

मी: ते नुसतं बोलले होते.

चिरंजीव: वहीत लिहिलं होतंस.

आई: म्हणजे पन्नास हे कमी करून आलेले आहेत?? 🙏

रविवार, सकाळी

वहिनी: मला रात्रभर तेच डोक्यात. डॉक्टरांना दाखवलंत का? या वयात हाडांचं बघायला लागतं.

मी: दाखवलं. रक्त, हाडांची घनता, पट्ट्यावर पळवून हृदयाची तपासणी, सगळं झालं. ते म्हणाले, करा, पण बोटांना जपा.

दादा: बोटांना? पडायची भीती नाही आणि बोटांची?

चिरंजीव: मामा, स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, बोटांतल्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे फार सावकाश. म्हणून नव्या उत्साही लोकांचं बोट जातं. बोटाच्या मुळाशी टचकन आवाज आला किंवा कळ आली की तो दिवस संपला. दुसरं म्हणजे कोपराखालचा हात फुगतो, टणक लाकूड होतो. होल्ड, म्हणजे भिंतीवरची खुंटी, घट्ट आवळला की स्नायू आतल्या रक्तवाहिन्यांनाच दाबतात, रक्त पुरेसं पोचत नाही. मग साधा पाण्याच्या बाटलीचा बूच उघडत नाही. उपाय एकच, कमी आवळायचं. हात सरळ ठेवून लटकायचं, वजन पायावर, मध्ये मध्ये एकेक हात खाली सोडून झटकायचा. आईला हे येतं, पण तिसाव्या खेपेनंतर सगळेच विसरतात.

नानाकाका: हे बरोबर आहे. मल्लखांबालाही नवा पोरगा लाकूड आवळतो आणि दमतो. जुना नुसती पायांची अढी घालून बसतो.

आमचे हे: मी काल कागदावर मांडणी केली. एक खेप: चढायला चार मिनिटं, उतरायला एक, गाठ-तपासणी-पाणी मिळून पाच. दहा मिनिटं. ५० खेपा म्हणजे ५०० मिनिटं, ८ तास २०. दर दहा खेपांनंतर अर्धा तास सुट्टी, अशा चार. एकूण १० तास २०. सकाळी ६ ला सुरू केलं तर ४:२० ला संपतं. दुपारी दोननंतर भिंतीवर ऊन येतं, जानेवारी असला तरी घाम सुटतो, म्हणून अवघड रूट (भिंतीवर चढायच्या ठरलेल्या वाटा) सकाळी आणि सोपे दुपारी.

दादा: भावजींनी हे ऑफिसच्या वेळेत केलं का?

आमचे हे: आता मुख्य गोष्ट. चढणारी ती एकटी आहे. तिला बिले कोण देणार? म्हणजे खाली उभं राहून दोर कोण धरणार? मोजलं तर दर खेपेला पाच मिनिटं, ५० खेपांची २५० मिनिटं मान वर करून बघत राहायचं. एका माणसाला हे झेपणार नाही. मी एकटा धरणार असं गृहीत धरलेलं दिसतंय.

मी: गृहीत नव्हतं धरलं. विचारणारच होते.

आमचे हे: बरं.

चिरंजीव: बाबा बरोबर बोलतायत. खरं सांगायचं तर या प्रकारात चढणाऱ्यापेक्षा दोर धरणाऱ्याची जास्त काळजी वाटते. चढणारी दमली तर लटकेल. धरणारा दमला, फोन बघितला, कोणाशी बोलत बसला, तर तिला झेलायला खाली कोणी नाही. पहिल्या पाच खेपांना सगळे डोळ्यात तेल घालून तपासतात. एकेचाळिसाव्याला 'झालं ग, बांधलीय' म्हणून सोडतात. आठाची गाठ, दोर कमरेच्या हार्नेसला बांधतात ती, अर्धी राहिलेली असते. हार्नेसचा पट्टा, आठाची गाठ, दोर अडवणारं बिलेचं यंत्र, कॅराबिनरचा म्हणजे जोडकडीचा स्क्रू, दोराच्या दुसऱ्या टोकाची गाठ, हे पन्नासही वेळा दोघांनी एकमेकांचं हात लावून बघायचं. नुसतं नजरेनं नाही.

वहिनी: मला शिकायचंय. खरंच. मी धरीन.

दादा: तू???

वहिनी: तुमची गाडी अरुंद जिन्याखालून मीच काढते, लक्षात आहे ना?

मी: वहिनी 🙌 चौघं झाले तर प्रत्येकाला बारा-तेरा खेपा. चढणं सुरू असताना हात बदलायचा नाही, माणूस जमिनीवर आल्यावरच.

नानाकाका: मी पाचवा.

आई: भावजी, तुमची मान दुखते. पट्टा लावून बसता टीव्हीपुढे.

चिरंजीव: नानाआजोबा, बिले देणाऱ्यांसाठी चष्मा मिळतो, त्यात काचेचा लोलक असतो. मान सरळ ठेवून समोर बघायचं, वर चढणारा माणूस दिसतो. पण दोर नको, तुम्ही मोजणी करा. वहीत खेप, वेळ, कोणी धरलं. आणि आईला चक्कर आली का, हात थरथरतोय का, हे बघणारा एक मोकळा माणूस लागतोच.

नानाकाका: लोलक म्हणजे उंची वस्तू दिसतेय. मोजणी माझी. शाईच्या पेनानं करतो.

आई: त्या दिवशी खाणार काय? मी सेव-उसळ करून पाठवते, तर्री वेगळी.

मी: आई, ते सगळं संपल्यावर! मधल्या सुट्टीत दहीभात, केळी, गूळ-शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखर. तर्री खाऊन लटकले तर खाली उभे असणाऱ्यांचं काही खरं नाही.

आई: मग लसणाची चटणी तरी संध्याकाळी.

आई: आणि मला एक सांगा, एवढ्या वयात असलं कोणी करतं का जगात?

चिरंजीव: आजी, स्वित्झर्लंडचे मार्सेल रेमी. २०१७ मध्ये मुलासोबत सुमारे ४५० मीटरचा कडा चढले. वय ९४.

आई: त्यांच्या शांती सगळ्या वेळच्या वेळी झाल्या असतील.

आमचे हे: थांबायचं कधी ते आजच ठरवू, त्या दिवशी भिंतीखाली वाद नको. बोटात कळ, चक्कर, छातीत काही, किंवा गाठ बांधताना दोनदा चूक, यातलं काहीही झालं की बंद. आणि दोर धरणारा 'पुढची खेप नाही' म्हणाला की नाही. तिचं म्हणणं ऐकायचं नाही. ३७ झाल्या तर ३७.

मी: एवढ्या जवळ येऊन ४८ ला थांबवलंत तर मी बोलणार नाही कोणाशी.

आमचे हे: चालेल. शांतता मिळेल.

दादा: 😂😂 भावजी जिंकले. मीपण धरतो. पण सहाची पाळी नको, मला चहा लागतो.

मी: तू दुपारची घे, सोप्या रूटवर. मला मात्र ४८ चं अजून पटलेलं नाही. तरी नियम मान्य. मी खाली उतरले की ज्याच्या हातात दोर त्याचा शब्द.

चिरंजीव: स्क्रीनशॉट काढला.

मी: पुढच्या रविवारी सकाळी सातला पहिला सराव, दादा आणि वहिनी दोघांनी या. पायाला बसणारे साधे बूट, पाठ झाकणारा टीशर्ट. नखं कापून. अंगठ्या, कडी, घड्याळ घरी. होल्डमध्ये अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते.

वहिनी: मंगळसूत्र?

मी: तेही काढायचं. बिलेच्या यंत्रात ओढलं जाऊ शकतं.

आई: मंगळसूत्र काढायचं नाही. टीशर्टच्या आत घालायचं आणि वर चिकटपट्टी लावायची.

चिरंजीव: आजी, सोन्यावर चिकटपट्टी? पण मामी, टेप बोटांना लागणारच आहे, दोन रोल जास्त आणा. काढायचं की लावायचं ते तिथल्या प्रशिक्षकांना विचारा, त्यांनी काढा म्हटलं तर काढा.

दादा: कुठली टेप? आमच्या दुकानात पॅकिंगची आहे.

चिरंजीव: मामा नाही.