कोडेक पॅक बसल्यापासून आवाज येतो पण चित्र काळं, काय करू?

देवगड_हापूस:
मंडळी, शिमग्यात पालखी नाचवतानाचे व्हिडिओ भावाने फोनवर काढलेत, लॅपटॉपवर टाकले तर ढोल झकास ऐकू येतात पण चित्र काळं. विंडोज १० आहे. एका फुकट प्लेयरबरोबर कसलासा कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडून दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा गठ्ठा) न विचारता बसला आणि तेव्हापासून जुने एव्हीआय व्हिडिओ पण उलटे दिसतायत, डोकं खाली पाय वर. मुंबईच्या काकांना पाठवायचेत.

खाडीकाठ:
आधी तो पॅक काढ, सेटिंग्जमधे अ‍ॅप्समधून, मग रीस्टार्ट. हे पॅक सिस्टीममधे डायरेक्टशोचे (विंडोजची व्हिडिओ चालवायची यंत्रणा) फिल्टर, म्हणजे व्हिडिओ उलगडणारे डीकोडर वगैरे, घुसवतात, प्रत्येकाला मेरिट नावाचा नंबर असतो, ज्याचा मोठा तो पुढे, मग कामाचा फिल्टर राहतो मागे. व्हीएलसी प्लेयर टाक, त्याचे डीकोडर त्याच्या पोटातच असतात, या भांडणात तो पडतच नाही.

गुहागरकर७:
उलटं चित्र पॅकमुळे असेल, पण काळं बहुतेक वेगळं प्रकरण. हल्लीचे बरेच फोन एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ या व्हिडिओ फॉरमॅटमधे रेकॉर्ड करतात, विंडोजला त्याचं एक्स्टेन्शन वेगळं लागतं आणि स्टोअरवर त्याला पैसे मागतात. कशाला द्यायचे? काकांसाठी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरने जुन्या एच.२६४ फॉरमॅटमधे एमपी४ करून पाठव. पुढच्या वेळी कॅमेऱ्यातच एच.२६४ ठेव, फाईल मोठी होते एवढंच.

देवगड_हापूस:
पॅक काढला, एव्हीआय सुलटे झाले!! व्हीएलसीत पालखी पण दिसली. आता हँडब्रेक लावलंय, लाईट जायच्या आत झालं म्हणजे मिळवलं.