वायफाय बल्बवाल्यांना एक सविस्तर उत्तर

खटपट्या:
काल एकांनी सल्ला दिला की "झिगबी, थ्रेड वगैरे हौशी लोकांचे चोचले आहेत. सरळ वायफायचे बल्ब घ्या, हबची कटकट नाही." (झिगबी, थ्रेड म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं कमी विजेवर बिनतारी बोलतात त्या पद्धती, हब म्हणजे त्यांना जोडणारा डबा.) वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

दाराचा सेन्सर एकदा वायफायवर चालवून बघा, सेल बदलून बदलून नाकी नऊ येतील. झिगबीचा सेन्सर बटणसेलवर वर्षभर सहज काढतो, कारण तो जवळपास सगळा वेळ झोपलेला असतो. दार हललं की उठतो, निरोप देतो, पुन्हा झोपतो. वेग कमीच, २५० केबीपीएस. "दार उघडलं" एवढंच तर सांगायचंय! शिवाय निरोप एका स्मार्ट प्लगवरून दुसऱ्यावर पुढे जातो (यालाच मेश म्हणतात), त्यामुळे मधल्या आरसीसी भिंतींचं फारसं काही वाटत नाही. नेट गेलं तरी घरातल्या घरात सगळं सुरू. स्वस्त वायफाय बल्बांचं ॲप त्या वेळी हात वर करतं.

सरळमार्गी:
तो सल्ला देणारा मीच. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कुठून कुठे निरोप पोचवताय? झिगबीही २.४ गिगाहर्ट्झवरच, म्हणजे शेजारच्या दहा राउटरांचा गोंगाट आहेच. आणि नेटचं कौतुक मला नको. अमेरिकेत इन्स्टिऑन या स्मार्ट-होम कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये कुणाला न सांगता सर्व्हर बंद केले. तेही मेशच होतं ना?

खटपट्या:
सर्व्हर बंद पडला, मेश नाही. जोडून ठेवलेली भिंतीवरची बटणं एकमेकांशी बोलतच होती. गोंगाटाचं म्हणाल तर झिगबी २५ नंबरच्या चॅनलवर टाका. वायफाय १, ६, ११ वर असेल तर २५ मोकळा असतो. आणि झिगबीचा डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ) युएसबी ३ च्या पोर्टात थेट खुपसू नका, तिथून २.४ मध्येच कचरा येतो. हातभर एक्स्टेन्शन वायर लावली की निम्म्या तक्रारी संपतात.

सरळमार्गी:
आपल्याकडे राउटर १३ वर जायलाही मोकळा आहे. ऑटोवर ठेवलेला तिकडे गेला की तुमच्या २५ वरच येऊन बसतो, मग काय? आणि हे सगळं सांगणारा माणूस म्हणे हे चोचले नाहीत!

ठाणेकरीण:
तुमचे चॅनल राहू द्या. आमच्या सासूबाई रात्री घरभर फिरून बोर्डावरची सगळी बटणं बंद करतात. बल्बच निरोप पुढे देणार, आणि बल्बलाच वीज नाही! सकाळी जिन्यातला सेन्सर गायब. स्वस्तातला आहे, दुसरा बल्ब शोधतही नाही, पुन्हा जोडत बसा. बटणांवर सेलोटेप लावला, तर तो त्यांनी खरवडून काढला.

निवृत्त_इंजिनिअर:
सेलोटेप? ताई, त्यांचं घर आहे ते. वापर नसला की बटण बंद, हे आम्ही आयुष्यभर शिकलो नि शिकवलं. ज्या यंत्रणेला म्हाताऱ्या माणसाचं एक बटण सहन होत नाही, तिला स्मार्ट कोण म्हणतं?

ठाणेकरीण:
काका, घर माझंही आहे. हप्ता कोण भरतं तेही विचारा. तुमच्या पिढीला "आम्ही शिकवलं" म्हटलं की विषय संपला असं वाटतं.

निवृत्त_इंजिनिअर:
हप्त्याचं इथे काय काम? दिव्याची वायरिंग आम्हीच केली, ती चाळीस वर्षं चाललीय. सर्व्हर न विचारता.

सरळमार्गी:
काकांशी माझं कधी पटत नाही, पण या वेळी शंभर टक्के.

खटपट्या:
वा! वायफायचा बल्ब बटण बंद केल्यावर काय गुप्त शक्तीवर चालतो का?

सरळमार्गी:
तो एकटाच मरतो. तुमचा दहा जणांना घेऊन मरतो.

वायरमन_बंड्या:
भांडा निवांत. बल्ब साधाच ठेवा, बटणामागे झिगबीचा रिले मॉड्यूल (दिवा चालू-बंद करणारी छोटी डबी) बसवा. आजी बटण दाबतील, दिवा जाईल, मॉड्यूलची वीज चालूच राहते, निरोपही पुढे जातात. मात्र बोर्डात न्यूट्रल (विजेची परतीची वायर) हवा. "न्यूट्रल नको"वाले बहुतेक मॉड्यूल निरोप पुढे देत नाहीत, तिथेच लोक फसतात. ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे न्यूट्रल सापडतो. पंख्याचा रेग्युलेटर असलेल्या बोर्डात मात्र वायरींची इतकी गर्दी असते की मॉड्यूल आत ढकलताना झाकण बसत नाही.

खटपट्या:
बरं, मेशला स्मार्ट बल्बांपेक्षा बटणामागचे मॉड्यूल बरे, एवढं मान्य. वायफाय बरं, हे नाही.

न्यूजर्सीकर:
कुणी इकडून झी-वेव्हची (झिगबीसारखीच आणखी एक पद्धत) कुलुपं नेणार असाल तर थांबा. इथली ९०८.४२ मेगाहर्ट्झवर, भारतातली ८६५.२ वर. दादाच्या घरासाठी आणलेलं आता पेपरवेट आहे. थ्रेड सगळीकडे २.४ गिगाहर्ट्झवरच, त्याची नेली असती तर हा घोळ झाला नसता.

सरळमार्गी:
थ्रेड! आधी बॉर्डर राउटर (थ्रेडला घरच्या नेटशी जोडणारा डबा) विकत घ्या, मग वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन आले की घरात दोन नेटवर्क. हे सुधारायला २०२४ साली थ्रेडची १.४ आवृत्ती आणावी लागली. तरी म्हणे चोचले नाहीत.

ठाणेकरीण:
बंड्याभाऊ, न्यूट्रल आहे. घोडबंदरला कधी येता? सासूबाई घरी नसताना या.

निवृत्त_इंजिनिअर:
घरी असतानाच या. झाकण बसलं की नाही ते त्या बघतील.