मदत हवी आहे: पाणकणसातून उडालेला बिटर्न नक्की कोणता?

पक्षीवेड्या मंडळींनो, एका ओझरत्या दर्शनाने डोक्याला भुंगा लागलाय.

सकाळी तळ्याच्या उथळ काठाने जात होतो. (बिटर्न म्हणजे बगळ्याच्या कुळातला, दाटीत दडून राहणारा पक्षी.) अगदी जवळच्या पाणकणसातून एक पक्षी उडाला, पाण्यालगत गेला आणि पलीकडच्या दाटीत जो शिरला तो पुन्हा दिसलाच नाही. सगळा कारभार चार-पाच सेकंदांचा, त्यामुळे फोटो मागू नका.

अंगाने ढोकरीपेक्षा लहान, सडपातळ. रंग मातकट पिवळसर. उडताना आधी मान पुढे ताणलेली होती, मग आखडून घेतली. पाय शेपटीमागे सरळ. पंखांच्या टोकांना काळं. आवाज काही केला नाही.

ढोकरी नाही याची खात्री आहे. बसलेली ढोकरी कितीही मातकट दिसो, उडाली की पांढरे पंख लख्ख उघडतात. रेल (पाणकोंबडीच्याच कुळातला पक्षी) किंवा पाणकोंबडी असती तर पाय लोंबले असते आणि उड्डाण धडपडतं वाटलं असतं. रातबगळ्याचं पिल्लू बरंच थोराड असतं. म्हणजे बिटर्नच, पण यलो बिटर्न की सिनेमन बिटर्न? सिनेमनचे पंख संपूर्ण तांबूस असतात हे ठाऊक आहे. घोळ असा की सूर्य समोर होता. उजेड उलटा असताना तांबूस पंखांची टोकं काळी भासू शकतात का?

प्रतिसाद १
काळं फक्त टोकाला होतं की पंखाच्या मागच्या कडेलाही? सगळं त्यावर अडलंय. यलोची उडायची लांब पिसं झाडून सगळी काळी असतात, शेपटीही काळी, आणि पंखाचा पुढचा भाग फिका पिवळसर. दोन्हींमधली सीमा चांगली ठसठशीत दिसते. उलट्या उजेडात अख्खा पंख काळवंडतो. अर्धा फिका, अर्धा काळा असं सावली करत नाही.

धागाकर्ता
शेवटी वळला तेव्हा मागची कड काळी आणि पुढचा भाग फिका, असं स्वच्छ दिसलं. शेपटीकडे लक्ष गेलं नाही.

प्रतिसाद २
मग सिनेमन बाद. पण लगेच यलोवर शिक्का मारू नका, लिटल बिटर्नच्याही पंखांत असाच काळा-फिका भेद असतो. पाठ आठवते का? लिटलच्या नराची पाठ काळी कुळकुळीत, मादीची गडद तपकिरी आणि रेघारेघांची. यलोची साधी मातकट तपकिरी. शिवाय तुमच्या भागात दोघांपैकी कोण आढळतो ते आधी पाहा. लिटलचा पसारा मुख्यतः युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडचा, तर यलो दक्षिण, आग्नेय आणि पूर्व आशियातला.

धागाकर्ता
पाठ काळी नव्हती. रेघा होत्या का ते छातीठोक सांगता येणार नाही. इकडे यलोच्या नोंदी आहेत, लिटलची एकही नाही.

प्रतिसाद १
यलोच असावा, पण नोंदीत तूर्त नुसतं 'बिटर्न' लिहा. पुन्हा गेलात तर काठाने चालू नका, एका जागी बसा. कणसांच्या बुडाशी, पाण्यापासून वीतभर उंचीवर दुर्बीण फिरवा. हा पठ्ठ्या दोन पायांत दोन दांडे धरून उभा असतो. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून थिजतो, आणि वाऱ्याने कणसं डोलली की त्यांच्यासोबत डोलतोसुद्धा. आता सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा म्हणजे झालं.