कंपनीत गरोदर बायकांसाठी (आणि ज्यांच्या बायका गरोदर आहेत त्या आपल्या कामगार पोरांसाठी पण) वर्ग घ्यायचाय, कसा घ्यावा? जळगाव एमआयडीसी

एचआरवाली_जळगाव

नमस्कार मंडळी, जळगाव एमआयडीसीत एका प्लास्टिकच्या कंपनीत एचआर बघते. माणसं दीडशेच्या आसपास, त्यात पॅकिंग आणि ऑफिस धरून बायका पस्तीसेक. सध्या चार जणी गरोदर आहेत, आणि ज्यांच्या बायका गरोदर आहेत अशी पोरं किती ते मला माहीतच नाही कारण कोणी सांगत नाही, डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी डायरेक्ट फोन येतो, मॅडम आज नाही येत, बायकोला ॲडमिट केलं.

तर झालं असं की मालक स्वतःहून म्हणाले यांच्यासाठी काहीतरी करा, खर्च मी देतो. आता मालक असं स्वतःहून म्हणतात हेच विशेष. पण त्यांच्या डोक्यात आहे गर्भसंस्काराचं एक लेक्चर, नारळ, ओटी, फोटो, संपलं. माझ्या डोक्यात वेगळं आहे, चार-पाच बैठका, कामाच्या वेळेत, पगार न कापता, कोणी नर्स किंवा डॉक्टर येऊन नीट सांगणार की खऱ्या कळा कोणत्या खोट्या कोणत्या, दवाखान्यात कधी पळायचं, अंगावर कसं पाजायचं, बाळंतपणानंतर विनाकारण रडू येतं त्याचं काय करायचं वगैरे. आणि पुरुषांना पण बसवायचं.

कोणी केलंय का असं? कितव्या महिन्यात घ्यावं? पुरुष येतील का? आणि कायद्यात काही आहे का जे मालकांसमोर ठेवता येईल, नाहीतर ते ओटीवरच अडकतील.

सिस्टर_भुसावळ

ताई पहिले तर मनापासून छान वाटलं वाचून. मी प्रसूती वॉर्डात काम करते, भुसावळकडे. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कितव्या महिन्यात, आणि तिथेच बहुतेक जण गडबडतात. पुण्या-मुंबईकडचे वर्ग आठव्या महिन्यात चालतात, ते तिथे ठीक आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात डोहाळजेवण झालं की पोरगी चालली चोपड्याला नाहीतर शिरपूरला, मग तुमच्या आठव्या महिन्याच्या वर्गात बसणार कोण, रिकाम्या खुर्च्या. चौथा ते सहावा महिना धरा, त्यातच सगळं आटपा. आणि पहिल्याच बैठकीत सांगा की माहेरी जाताना सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, रक्तगट, हिमोग्लोबिनचे कागद आणि माता बाल संरक्षण कार्ड एका पिशवीत घालून बरोबर न्यायचं. आमच्याकडे रात्री दोन वाजता बाई येते आणि फाईल सासरी कपाटात, चावी सासूकडे. मग सगळ्या तपासण्या पहिल्यापासून करा.

विषय खूप काढू नका. मी घेते तेव्हा पहिला तास फक्त धोक्याच्या लक्षणांवर घालवते, हातात काही न देता, नुसतं परत परत विचारून. अंगावरून रक्त जाणं. डोकं ठणकतंय आणि डोळ्यापुढे अंधारी, हातावर-तोंडावर सूज, म्हणजे बीपी, याला घरी "पित्त झालं असेल" म्हणतात आणि दिवस जातो. पाणी गेलं पण कळा नाहीत, तरी निघायचं. बाळाची हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी दाखवायचं, उद्या नाही. एवढं जरी चार जणींच्या डोक्यात बसलं तरी तुमचा खर्च वसूल.

दुसरं लोहाच्या गोळ्या. सरकार सहा महिने रोज एक देतं, फुकट, आणि बायका त्या डब्यात ठेवून देतात कारण शी काळी होते म्हणून घाबरतात. काळी होणारच, त्यात काही नाही हे कोणी सांगितलेलंच नसतं. आणि चहाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर पण नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कंपनीत चार वाजता चहा येतो ना, तेव्हाच सगळ्या गोळी काढतात, मी पाहिलंय.

गर्भसंस्कार मालकांना हवं असेल तर शेवटच्या बैठकीला ठेवा, गाणी ऐकून कोणाचं वाईट होत नाही. फक्त वक्ता "मुलगाच व्हावा म्हणून" वगैरे सुरू झाला तर तिथेच माईक काढून घ्या. ते कायद्यात पण बसत नाही आणि मुलींच्या संख्येवरून २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचं नाव आधीच खराब झालंय.

धुळे_लघुउद्योग

ताई राग मानू नका पण हे दीडशे माणसांच्या कंपनीचे लाड आहेत. माझ्याकडे अठरा माणसं, लाईनवर दोन जण कमी झाले की मशीन बंद. तासभर पगारी वर्ग, मग २६ आठवडे सुट्टी, मग पाळणाघर, शेवटी लोक म्हणतात बाईच नको ठेवायला. मी म्हणत नाही, पण इंडस्ट्रीयल एरियात चहाच्या टपरीवर हेच बोलणं चालतं, खोटं कशाला बोलू. हे शिकवायचं काम सरकारी दवाखान्याचं, आशाताईचं, अंगणवाडीचं. मालकाने काय काय करायचं?

हिशोब_आणि_पीएफ

धुळेवाल्या भाऊंचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं चुकीचं, मी हेच काम करतो म्हणून सांगतो. ज्या बाईचा पगार महिना २१ हजारापर्यंत आहे आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो तिचे २६ आठवड्यांचे पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत, ते ईएसआय देतं, फक्त आधीच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे काळ) मिळून ७० दिवस भरलेले पाहिजेत. तुमच्या अठरातल्या बहुतेक यातच बसत असतील. टपरीवर हे कोणी सांगत नाही. पाळणाघर ५० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे, म्हणजे भाऊ तुम्हाला नाही, पण ताई तुम्हाला आहे, ते केलंय का आधी ते बघा!! वर्ग घेतला आणि पाळणाघर नाही असं नको व्हायला.

वर्ग घ्या असं कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. पण मालकांना दाखवायचं असेल तर १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आलेलं एक कलम दाखवा, लोक ते वाचतच नाहीत. मालकाने बाळंतपणाआधीची आणि नंतरची वैद्यकीय काळजी फुकट पुरवली नाही तर ३५०० रुपये मेडिकल बोनस द्यायचा, हे ईएसआयच्या बाहेरच्या बायकांसाठी. म्हणजे काळजी ही मालकाची पण गोष्ट आहे हे कायद्याने फार पूर्वीच धरलेलं आहे, फक्त सगळे रक्कम देऊन मोकळे होतात. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, तिच्यात पण ही तरतूद आहे. आणि त्याहून जुनं सांगू का, आपलं खान्देश तेव्हा मुंबई प्रांतात, तिथे १९२९ ला मातृत्व लाभाचा कायदा झाला, आणि त्या बिलाच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर १९२८ ला कौन्सिलात बोलले होते. तेव्हा पण प्रश्न हाच होता, पैसे कोणी द्यायचे, मालकाने की सरकारने. भाऊ तुमची तक्रार शंभर वर्षं जुनी आहे 😄

अजून एक. कामावर घेतानाच बाईला हे सगळे फायदे लेखी कळवायचे हे पण त्या कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत आलं होतं. किती जणांनी कळवलं ते मला विचारू नका.

पुरुषांचं म्हणाल तर खाजगी नोकरीत बापाला कायद्याने एक दिवस पण नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस आहे, रेल्वेत पण. म्हणजे भुसावळला एकाच गल्लीतला रेल्वेवाला पंधरा दिवस बाळाजवळ आणि एमआयडीसीतला दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला. माझा चुलतभाऊ ब्रिटनमध्ये आहे, तिथे बायकोबरोबर तपासणीला जायला नवऱ्याला दोनदा सुट्टी मागता येते, एका वेळी साडेसहा तासांपर्यंत, बिनपगारी आहे पण हक्काची आहे. आणि गरोदर बाईला तर डॉक्टरने किंवा मिडवाईफने सांगितलं असेल तर वर्गाला जायला पण पगारी वेळ मिळतो.

शिफ्टवाला_पाचोरा

भो मी बोलू का, मी ते पोरगं आहे जे सांगत नाही 😅 मॅडम का नाही सांगत ते ऐका. एक तर सुपरवायझर लाईनवर सगळ्यांसमोर बोलतो, काय रे मजा आहे तुझी. दुसरं, मागच्या कंपनीत सोनोग्राफीला बायकोला घेऊन गेलो, अर्ज दिलेला होता तरी दोन्ही दिवस कापले आणि वरून अटेंडन्स बोनस पण गेला, मग कोण सांगेल. तुम्ही वर्ग घ्या, मी येईल, माझ्यासारखे बरेच येतील, पण त्याआधी नोटीस लावा की तपासणीच्या दिवशी शिफ्ट बदलून मिळेल आणि बोनस कापला जाणार नाही. ते लावलं की नावं आपोआप येतील, तुम्हाला विचारायची गरज पडणार नाही.

आणि वेळ अशी ठेवा की फर्स्टवाले सुटतात सेकंडवाले येतात, तेव्हा अर्धा तास इकडचा अर्धा तास तिकडचा, दोघांना जमतं. नाईटवाल्याला सकाळी थांबवू नका, तो झोपेतच ऐकेल. कॉन्ट्रॅक्टवर आहेत त्यांना पण बसू द्या, पोट त्यांच्या बायकोचं पण वाढतं.

आमच्याकडे सगळ्यांच्या बायका गावाकडे, कोणी भडगाव कोणी पारोळा. त्यांना कंपनीत आणणं शक्य नाही. सिस्टर जे बोलतील ते मोबाईलवर रेकॉर्ड करून दिलं तर रात्री बायकोला ऐकवतो.

आखाजीला_माहेरी

सगळं बरोबर पण सासूला विसरलात. पोरीला वर्गात शिकवलं की पहिला चीक बाळाला पाजायचा, लगेच, तासाभरात, सहा महिने पाणी पण नाही. पोरीला पाठ आहे. पण बाळ झालं तेव्हा ती टेबलवर, अर्धी शुद्धीत, आणि बाहेर बाळ कोणाच्या हातात? आईच्या नाहीतर सासूच्या. ती बोटाला मध लावून चाटवणार, तिच्या सासूने पण तेच केलं होतं. मग वर्ग कोणाचा घ्यायला पाहिजे सांगा.

माझ्या बाळंतपणात भर मे महिना, बाहेर पंखा पण गरम हवा फेकत होता, तरी खोलीत बाजेखाली शेगडी आणि खिडकी बंद, का तर वारं लागेल. बाळाच्या अंगावर घामोळ्या उठल्या, शेवटी डॉक्टरांनी माझ्या आत्यासासूंना स्वतः समजावलं तेव्हा शेगडी गेली. मी सांगितलं असतं तर नसती गेली, लिहून देते. डिंकाचे लाडू खा, मेथी खा, शेवग्याच्या शेंगा खा, ते सगळं चांगलंच आहे, त्याला कोणी नाही म्हणत नाही, आणि वर्गात पण सुरुवात त्याचीच करा, म्हणजे म्हाताऱ्या कान देतील. एकदम "हे चूक ते चूक" सुरू केलं की उठून जातील. एक रविवार घरच्या बायकांसाठी ठेवा, चहा आणि फुणके करा, बघा कशा येतात.

सातपुडा_पायथा

नंदुरबारकडून वाचतोय. ज्यांना कंपनीच नाही त्यांचं काय असा प्रश्न पडला. आमच्याकडच्या बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, पोटात बाळ घेऊन, बऱ्याचशा गुजरातेत. तिथे मालक म्हणजे मुकादम. गावात असल्या तर अंगणवाडीत अमृत आहारचं गरम जेवण तरी मिळतं, २०१५ पासून चालू आहे, फडावर गेल्या की तेही सुटतं. फक्त नोंद म्हणून लिहिलं, ताईंच्या विषयात घुसत नाही.

सिस्टर_भुसावळ

घुसा हो भाऊ, कार्डाची पिशवी त्यांना तर जास्तच लागते.

आखाजीताई शंभर टक्के. आणि पुरुषांचं एक सांगते, त्यांना भाषण देऊ नका, हातात काम द्या. मी कापडाची बाहुली नेते, आत वाळू भरून वजन केलंय, मान मुद्दाम लुळी ठेवलीय. प्रत्येकाला एकदा उचलायला लावते. पहिल्यांदा सगळे काखेत धरून उचलतात आणि मान मागे पडते, सगळे हसतात. मग एक तळवा मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली, आधी हात मग बाळ, असं परत परत. त्यानंतर जो प्रश्न विचारायला लाजत होता तोच जवळ येऊन विचारतो. हे झाल्यावर १०८ नंबर सेव्ह करायला लावा, तिथल्या तिथे, आणि रात्री गाडी कोणाची मिळेल त्या माणसाचं नाव पण.

आणि ताई, वर्गापेक्षा आधी पॅकिंग लाईनला चार खुर्च्या टाका. कायद्याने पण शेवटच्या महिन्यांत तासन्‌तास उभं राहायचं काम नको असं बाईने सांगितलं तर देता येत नाही. आणि उन्हाळ्यात पाण्याचा माठ लाईनजवळ पाहिजे, गेटजवळ नाही, लघवीला जावं लागेल म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, मग जळजळ, इन्फेक्शन, ताप.

धुळे_लघुउद्योग

खुर्च्या आणि माठ मला पण जमेल. अटेंडन्स बोनसचं पण बघतो. अठरा माणसांत वर्ग काय घेणार, पण शेजारच्या दोन-तीन युनिटवाल्यांना मिळून घेतलं तर जमेल का सिस्टर?

एचआरवाली_जळगाव

सगळ्यांचे आभार, मालकांना दाखवायला प्रिंट काढलीय (पाचोरावाल्या दादांचं सुपरवायझरचं वाक्य गाळून). पाळणाघराचं हिशोबभाऊंनी बरोबर पकडलं, कागदावर आहे, खोलीत सध्या कार्टन आहेत, ते या आठवड्यात निघतील. ठरलंय असं की आधी नोटीस, तपासणीच्या दिवशी शिफ्ट बदल आणि बोनस सुरक्षित, नाव फक्त माझ्याकडे सांगायचं, लाईनवर नाही. मग पुढच्या महिन्यापासून शिफ्ट बदलताना बैठक, आणि एक रविवार सासवांचा. ओटी मालकांच्या आग्रहाखातर रविवारीच भरू, नारळ आणलेलेच आहेत. सिस्टर तुम्ही याल का? सुरुवात ९ तारखेला करावी म्हणते, कंपनीला सोयीची आहे.

सिस्टर_भुसावळ

येईन, धुळ्याचं पण बघू, तीन-चार युनिट मिळून दहा-बारा जण झाले की पुरे. पण ९ तारीख सोडून कोणतीही. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते सरकारी दवाखान्यात, फुकट, डॉक्टर बघतात, त्या दिवशी आमची ओपीडी गच्च. उलट तुमच्या चौघींना त्या दिवशी तिकडेच पाठवा, पगारी.