अनुभव धागा : जुन्या फोटोतली मोटार कोणती, ते कसं कळलं?

घरच्या अल्बममध्ये असा एक फोटो हमखास असतो. आजोबा कोट-टोपीत, आजी नऊवारीत आणि मागे ऐटीत उभी असलेली मोटार. ती कुणाची, कुठल्या कंपनीची, हे सांगणारी माणसं गेली. जी आहेत ती प्रत्येक मोठ्या गाडीला ब्यूक म्हणतात आणि प्रत्येक छोटीला बेबी ऑस्टिन. तुमच्या फोटोतली गाडी ओळखता आली असेल तर कशावरून, ते इथे लिहा. नुसतं नाव नको, खूण सांगा.

सुरुवात माझ्यापासून. हिंदू कॉलनीतला फोटो, पाठीमागे शाईने १९५५. घरात सगळे बेबी ऑस्टिन म्हणत. तिचं, म्हणजे ऑस्टिन सेव्हनचं, उत्पादन १९३९ मध्ये थांबलं, पण त्याने काही सिद्ध होत नाही, कारण जुन्या गाड्या तेव्हा वर्षानुवर्षं चालवत. खूण दिव्यांची होती. ऑस्टिनचे दिवे सुटे, बाहेर बसवलेले. आमच्या फोटोत ते मडगार्डच्या पोटात गेलेत आणि पुढची काच मधोमध दुभागलेली आहे. ती निघाली मॉरिस मायनर, म्हणजे आपल्याकडची बेबी हिंदुस्थान. आत्या अजूनही ऑस्टिनच म्हणते.

शिवडीची सून

आमच्याकडे फोटो आहे तो सासरेबुवांच्या वडिलांचा. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला, तिथे ते कामाला होते. फोटोत कामगारांची रांग, मध्ये टोपीवाला साहेब. गाडी माणसांच्या मागे पार झाकलेली, दिसतंय ते रेडिएटरचं वरचं टोक आणि एक दिवा. मुलाने फोटो चांगल्या स्कॅनरवर घेतला तेव्हा टोकावर शेवरोलेचा बो टायच्या आकाराचा शिक्का दिसला. साध्या डोळ्यांना तो डाग वाटायचा, मी एकदा पुसायलाही गेले होते! साल मात्र नक्की होत नाही. हा कारखाना १९५४ च्या सुमारास बंद झाला, पण फोटो त्याच्या खूप आधीचा असणार; दिवा सुटा आहे आणि काच सपाट, उभी.

जुना फिटर, लालबाग

ताई, पुसलं नाहीत तेच बरं.

माझी हयात गॅरेजमध्ये गेली, त्यामुळे लोक फोटो घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांची चूक एकच : नाव शोधत बसतात. नावाची पट्टी फोटोत दिसतच नाही, आणि दिसली तरी ती फसवते. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडत. पन्नासच्या दशकातल्या डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट बाजूने बघा, अंग एकच. फरक पुढच्या जाळीत आणि बॉनेटवरच्या मूर्तीत. जहाज असेल तर प्लिमथ, मेंढा असेल तर डॉज. एका गृहस्थांनी मामाची प्लिमथ म्हणून फोटो आणला. गाडी पाठमोरी, सगळी मंडळी डिकीला टेकलेली. मी सांगितलं, मामांवर विश्वास ठेवा, फोटो काही बोलणार नाही. मग त्यांनी त्याच दिवशीचा दुसरा फोटो काढला. त्यात मामा बॉनेटवर हात ठेवून उभे आणि बोटांच्या मधून मेंढ्याचं शिंग बाहेर आलेलं. मामांची डॉजच होती. प्लिमथ का सांगायचे कोण जाणे, रुबाबात तर दोघींत फार फरक नव्हता.

छोट्या गाड्यांत मुंबईत शंभरातली निम्मी गिऱ्हाइकं फियाटचे फोटो घेऊन येतात. त्यात गोल नाकाची, जिला आम्ही डुक्कर फियाट म्हणायचो, ती ११००, १९५४ च्या आसपासची. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. फोटोत दार उघडं असेल तर एवढ्यावर काम भागतं. दार बंद असेल आणि फोटो अगदी बाजूने घेतलेला असेल तर चाकांचं अंतर मोजा. फियाटच्या पुढच्या-मागच्या चाकांत २३४ सेंटिमीटर, अँबॅसडरच्या साधारण २४६. टायरच्या उंचीशी ताडून बघितलं की फियाट कुठली आणि अँबॅसडर कुठली, यातला गोंधळ बराच कमी होतो. तिरक्या फोटोत हे करू नका, उगाच भांडणं होतात.

माटुंग्याची मंजिरी

आमच्या फोटोत स्टेअरिंग डावीकडे आहे. म्हणजे गाडी अमेरिकेहून आली, आजोबांच्या मित्राने बोटीने आणली, अशी सविस्तर कथा घरात तयार होती. आईने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, पदर बघ." आजीचा पदर उजव्या खांद्यावर! शेजारच्या गुजराती काकूंचा असता तर कुणाला काही वाटलं नसतं, पण आजी कोकणातली. मग आजोबांच्या कोटाचा वरचा खिसाही उजव्या छातीवर सापडला. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली होती, बाकी काही नाही. फोटो आरशात धरला की स्टेअरिंग आपसूक उजवीकडे जातं. गाडी बाजूने दिसते, नंबरप्लेट नाही, म्हणून इतकी वर्षं खपून गेलं. बॉनेटच्या कडेने लांबलचक पन्हळ गेली आहे, त्यावरून ती व्हॉक्सहॉल, म्हणजे इंग्लंडची. बोटीने आली हे तेवढं खरं.

पार्ल्याचा नातू

आमची लवकर ओळखली. चाकं जमिनीला टेकतच नव्हती. स्टुडिओतली प्लायवूडची गाडी, मागे रंगवलेला डोंगर. काका आजोबा आयुष्यभर "माझी गाडी" म्हणायचे.

धागाकर्ता

नातू, हा फोटो टाकाच!

गिरगावकर

१९४३ मधलं लग्न, वाडीच्या तोंडाशी वऱ्हाड आणि मोटार. मोटारीच्या मागे माणसाच्या छातीएवढा उंच पिंप. घरातल्या मुलांना वाटायचं, लग्नघरचा अंघोळीचा बंबच कुणीतरी गाडीला बांधलाय. महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग होतं, तेव्हा काही गाड्या कोळशाच्या गॅसवर चालवत. पिंप त्या गॅसचा. मडगार्डच्या कडा पांढऱ्या रंगवलेल्या आहेत आणि दिव्यांवर झाकणं, तीही ब्लॅकआऊटमुळे. या सगळ्या सरंजामात मूळ गाडी ओळखू येत नव्हती. चाकाच्या टोपीवर मात्र व्ही आणि त्यात आठचा आकडा आहे. फोर्ड व्ही-एट. आपल्याकडे फोर्ड कॅनडातून येत, म्हणून स्टेअरिंगही उजवीकडे.

गाडीच्या सालापेक्षा फोटोचं साल काढणं सोपं, हे माझं मत. रस्त्यात ट्रामचे रूळ आणि वर तारा असतील तर फोटो बहुधा १९६४ च्या आधीचा, त्या वर्षी ३१ मार्चला मुंबईतली शेवटची ट्राम धावली. (रूळ मागे राहिलेही असतील, म्हणून बहुधा.) फोटो ओळखीच्या गाडीचा असून दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा दिसला तर १९६५ किंवा १९७१ चं युद्ध आठवा.

नवी सभासद, ठाकूरद्वार

नंबरवरून कळतं का? आमच्या फोटोत बीएमवाय आणि पुढचे आकडे पुसट आहेत. बाकी गाडीचा फक्त मागचा कोपरा दिसतो. चौपाटीवरचा फोटो आहे.

जुना फिटर, लालबाग

बीएमवरून सुरू होणारी अक्षरं जुन्या मुंबई राज्यातली. १९६० नंतर एमआर वगैरे आली, एमएच-०१ सारखी तर १९८९ नंतरची. पण नंबर कळला म्हणजे गाडीचं साल कळलं असं नाही, नंबर नोंदणीचा असतो. चार-पाच वर्षं वापरलेली गाडी दुसऱ्या गावाहून येऊन इथे नव्याने नोंदली गेली असेल.

मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, चकाकी येते. सहाशे डीपीआयच्या वर स्कॅन करा आणि पाठीमागची बाजूही टाका, स्टुडिओचा शिक्का असतो. आधी एवढं सांगा, मागचा दिवा उभा आहे की गोल?

नवी सभासद, ठाकूरद्वार

दिव्यावर मोठा भाऊ बसलाय, काका. डावीकडून थोडा दिसतो, तो गोल वाटतो. स्कॅन रविवारी टाकते.