पेस्टॅकची विक्री: अकिनलाडेने हात टेकले की डाव साधला?

कोबोपैसा (धागा)

कालच्या चर्चेत एका प्रतिसादात लिहिलं होतं: "लागोसच्या शोला अकिनलाडेने बँकांच्या यंत्रणेला नुसता एक फॉर्म जोडला आणि पाच वर्षांत पेस्टॅक ही ऑनलाइन पैसे घेण्याची सोय देणारी कंपनी त्याच धंद्यातल्या अमेरिकन स्ट्राइपला विकून मोकळा झाला. याला उद्योजक म्हणायचं?" तिथे चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

२०१५ च्या आधी नायजेरियात वेबसाइटवर कार्डाने पैसे घ्यायचे तर आधी बँकेची कागदपत्रं, मग सुरुवातीची फी, मग जोडणीत जाणारे आठवडे. एवढं करूनही गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे कापले जायचे आणि दुकानदाराला 'अयशस्वी' दिसायचं. कार्ड देणारी बँक, बँकांमधले निरोप पोचवणारा स्विच आणि दुकानदाराची बँक, या तिघांपैकी एकाचं उत्तर वेळेत आलं नाही की व्यवहार लटकतो. पैसे परत यायला दिवस लागतात आणि शिव्या दुकानदार खातो. अकिनलाडे आणि एझ्रा ओलुबी, दोघे बॅबकॉक विद्यापीठातले, यांनी नेमकं हेच दुखणं धरलं. एकाच बँकेच्या वाटेवर विसंबायचं नाही, अनेक वाटा हाताशी ठेवायच्या, जी नीट चालते तिच्यावरून व्यवहार न्यायचा. दुकानदाराला यातलं काहीच कळावं लागत नाही.

२०१६ च्या सुरुवातीला वाय कॉम्बिनेटर या नव्या कंपन्यांना पैसा आणि मार्गदर्शन देणाऱ्या अमेरिकन संस्थेत शिरलेली ही पहिली नायजेरियन कंपनी. २०१८ मध्ये ८० लाख डॉलर उभे केले, त्यात स्ट्राइप आणि व्हिसा दोघे होते. ऑक्टोबर २०२० मध्ये विक्री झाली, बातम्यांनुसार २० कोटी डॉलरच्या वर. तेव्हा साठेक हजार व्यवसाय तिच्यावर पैसे घेत होते. याला 'फॉर्म' म्हणणाऱ्याने तसा एक फॉर्म महिनाभर चालवून बघावा.

दक्षिणवारा

तो प्रतिसाद माझाच. 'नुसता फॉर्म' हे शब्द घसरले, मान्य. मुद्दा मात्र सोडत नाही. स्ट्राइप २०१८ पासून आत बसलेली होती. ज्याला कंपनीचे आकडे आतून दिसतात तोच दोन वर्षांनी गिऱ्हाईक म्हणून उभा राहतो, तेव्हा भाव कोण ठरवतो? याच धंद्यातली नायजेरियाची फ्लटरवेव्ह २०१६ मध्ये सुरू झाली, विकली गेली नाही, आणि २०२२ मध्ये तिचं मूल्यांकन ३०० कोटी डॉलरच्या वर गेलं. अकिनलाडेने घाई केली. कमाईची गाय दुभती व्हायच्या आत बाजारात नेली.

सातबारा

मूल्यांकन आणि हातात पडलेला पैसा यांत फरक असतो हो. कागदावरचे ३०० कोटी कुणाच्या खात्यात जमा होत नाहीत.

आणि नायराकडे, म्हणजे तिथल्या चलनाकडे बघा. पेस्टॅकची देशांतर्गत फी १.५ टक्के अधिक १०० नायरा, पण कमाल २,००० नायरा. म्हणजे साधारण १,२६,६६७ नायरांच्या वरचा व्यवहार कितीही मोठा असो, फी तेवढीच. २०२० मध्ये डॉलर ३८० नायरांच्या आसपास होता, म्हणजे ती कमाल फी ५ डॉलरच्या थोडी वर. २०२४ मध्ये डॉलर १,५०० ला भिडला आणि तेच २,००० नायरा झाले सव्वा-दीड डॉलर. कमाई नायरात आणि क्लाउडचं बिल डॉलरमध्ये, अशा कंपनीच्या मालकाने २०२० मध्ये डॉलर हातात घेतले याला घाई म्हणत असाल तर म्हणा.

दक्षिणवारा

२०२३ मध्ये नायराचा दर बाजारावर मोकळा सोडणार हे त्याला २०२० मध्ये स्वप्नात दिसलं होतं का? निकाल बघून आधीच्या निर्णयाला शहाणपण चिकटवणं सोपं असतं.

सातबारा

स्वप्न कशाला पडायला हवं? जून २०१६ मध्ये एकदा नायरा कोसळला होता, पेस्टॅक वर्षाचीही नव्हती तेव्हा. ज्याने ते पाहिलं तो पुढचा अंदाज बांधणारच.

गल्ला

तुम्ही डॉलर मोजत बसा, छोट्या दुकानदाराकडे कोण बघतंय? तो १०० नायरांचा आकार २,५०० च्या खाली माफ आहे. मग २,४०० च्या विक्रीवर कापले जातात ३६ नायरा आणि २,६०० च्या विक्रीवर १३९! दीड टक्क्यावरून थेट सव्वापाच टक्क्यांच्या वर उडी. हेअर ऑइल, कपडे, केक विकणाऱ्या बायकांचा माल याच किमतीत बसतो. आपल्याकडे यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शून्य शुल्क आहे.

कोबोपैसा

उडी खरी आहे, आणि अन्यायाची आहे. पण यूपीआयची तुलना इथे चालत नाही. ते शून्य सरकारने कायद्याने ठरवलं, आणि ते चालवायला बँकांना तिजोरीतून पैसे द्यावे लागतात. नायजेरियात खात्यातून खात्यात तत्काळ पैसे पाठवणारी निप २०११ पासून आहे, आपल्या यूपीआयच्या पाच वर्षं आधीपासून, पण तिचा खर्च असा कुणी अंगावर घेतला नाही.

फी गिऱ्हाइकावर टाकायची असेल तर किमतीत नुसती फी मिळवू नका. १०,००० ची फी २५० म्हणून १०,२५० मागितले तर फी १०,२५० वर लागते, २५३.७५, आणि हातात येतात ९,९९६.२५. बरोबर रीत अशी: किमतीत १०० मिळवा, त्याला ०.९८५ ने भागा. १०,२५३.८१ येतात, वर एक कोबो, म्हणजे नायराचा शंभरावा भाग, धरा.

निळी शाई

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं ऐका. 'फॉर्म' या शब्दाला खरं उत्तर वेबहूकमध्ये, म्हणजे पैसे आल्याची जी सूचना पेस्टॅक थेट आपल्या सर्व्हरला पाठवतं तिच्यात आहे आणि निम्मे डेव्हलपर तिथेच माती खातात. गिऱ्हाईक पैसे भरून परत आपल्या पानावर आलं की माल पाठवतात! लागोसला त्याच क्षणी नेट गेलं तर ते पान उघडतच नाही. पैसे गेले, ऑर्डर नाही. उलट बाजूने, पानावरचा आकडा ब्राउझरमध्ये बदलून दहा हजारांच्या मालाला शंभर भरणारेही असतात, आणि कोड फक्त 'success' बघतो.

रिकामा_तास

यात पेस्टॅकचं कौतुक काय? प्रत्येक पेमेंट गेटवेला वेबहूक असतो. आपल्याकडच्या रेझरपेवर काम केलेल्या माणसाला यात नवीन काही नाही.

निळी शाई

तिथेच तर फसता. सूचना खरी आहे हे पटवणारी रेझरपेची सांकेतिक सही एसएचए-२५६ या रीतीची, पेस्टॅकची एसएचए-५१२ ची. जुना कोड चिकटवला की प्रत्येक सूचना 'खोटी' ठरते, मग वैतागून लोक सहीची तपासणीच बंद करतात. म्हणजे जगातला कुणीही 'पैसे आले' असं तुमच्या सर्व्हरला कळवू शकतो. सही तपासायची ती आलेल्या कच्च्या मजकुरावर. आधी त्यातला जेसन (सूचनेतल्या माहितीची मांडणी) उलगडून पुन्हा बांधलं आणि एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी ताळा बसत नाही.

रिकामा_तास

वैतागून तपासणी बंद करणारा माणूस डेव्हलपर नाही. त्याचं खापर आमच्यावर फोडू नका.

निळी शाई

नावं ठेवत नाही, चूक कुठे होते ते सांगते आहे. पेस्टॅकला रक्कम कोबोत द्यायची, म्हणजे गुणिले १००. जावास्क्रिप्टमध्ये १९.९९ गुणिले १०० करून बघा, १९९९ येत नाही, १९९८.९९९ असं काहीतरी येतं. पूर्णांकात गोलाई करा, नाहीतर विनंती परत येईल.

दक्षिणवारा

धागा विक्रीचा होता, जावास्क्रिप्टचा नाही! आणि विकल्यावरचंही बोला. मार्च २०२५ मध्ये पेस्टॅकने झॅप हे ग्राहकांचं अ‍ॅप आणलं, आणि महिनाभरात मध्यवर्ती बँकेने २५ कोटी नायरा दंड ठोकल्याच्या बातम्या आल्या. परवान्याच्या बाहेर पाऊल टाकलं म्हणून. परक्या मालकाच्या घाईचं हे फळ.

सातबारा

दंडाचं समर्थन करणार नाही, स्विचिंगच्या परवान्यावर लोकांच्या ठेवी सांभाळता येत नाहीत हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. पण परक्या मालकाचा दोष कसा? विकल्यावरही प्रमुख अकिनलाडेच राहिला, नाव तेच राहिलं, २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतही उतरले. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तो 'मोकळा' झाला होता ना?

दक्षिणवारा

'मोकळा झाला' हे मागे घेतो. भाव कमी घेतला, हे नाही.

रिकामा_तास

@निळी शाई, एक राहिलंच. वेबहूक आणि परतीचं पान, दोन्ही एकाच व्यवहारावर येतात. दोन्हीकडे खात्यात रक्कम जमा केली तर गिऱ्हाइकाला दुप्पट मिळते.

निळी शाई

बरोबर, हे मीच आधी लिहायला हवं होतं. व्यवहाराच्या रेफरन्सवर डेटाबेसमध्ये युनिक बंधन घाला, दुसरी नोंद तिथेच अडते. आणि 'सूचना मिळाली' असं सांगणारं २०० हे उत्तर आधी पाठवा, ईमेल-पावत्या मागाहून. उत्तराला उशीर झाला की पेस्टॅक तीच सूचना आधी चार वेळा दर तीन मिनिटांनी आणि नंतर ७२ तास दर तासाला पाठवत राहतं.