ट्रोपाऊचा ठराव : शांतता राखण्यासाठी की क्रांती चिरडण्यासाठी?

प्रश्न
१८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर महासत्तांनी एकत्र बसून युरोपात शांतता राखली, असे आपण वाचतो. मग याच व्यवस्थेतून १८२१ मध्ये नेपल्सवर आणि १८२३ मध्ये स्पेनवर सैन्य का धाडले गेले? ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटर्निख याला नेमके काय वाचवायचे होते?

प्रतिसाद १
मेटर्निखच्या लेखी हे दोन हेतू वेगळे नव्हतेच. १७८९ च्या क्रांतीमागोमाग युरोपला दोन दशकांहून अधिक काळ युद्धांनी होरपळून काढले होते, आणि जर्मन, मग्यार (हंगेरियन), चेक, इटालियन अशा अनेक लोकसमूहांच्या ऑस्ट्रियन साम्राज्याला राष्ट्रवाद मान्य करणे म्हणजे स्वतःचे तुकडे मान्य करणे होते. म्हणूनच नोव्हेंबर १८२० मध्ये ट्रोपाऊ (आजचे चेक प्रजासत्ताकातील ओपावा) येथे ऑस्ट्रिया, रशिया आणि प्रशिया यांनी ठरवले की, क्रांतीने सत्तापालट झालेले राज्य महासत्तांच्या युरोपीय आघाडीबाहेर राहील आणि गरज पडल्यास त्याला बळाने परत आणले जाईल.

नेपल्समध्ये हे कसे घडले ते पाहण्यासारखे आहे. १८२० च्या क्रांतीनंतर तिथला राजा फर्डिनांड याने संविधानाची शपथ घेतली होती; त्या संविधानाची बाजू मांडण्याच्या अटीवर संसदेने त्याला महासत्तांच्या लायबाख (आजचे ल्युब्लियाना) येथील परिषदेला जाऊ दिले, आणि तिथे पोहोचताच त्याने शपथ झुगारून ऑस्ट्रियाची मदत मागितली. मार्च १८२१ मध्ये ऑस्ट्रियन फौजा नेपल्समध्ये शिरल्या. माझ्या मते हा उघड विश्वासघात होता आणि त्याला राजनयाचे सभ्य नाव देऊ नये.

प्रतिसाद २
ब्रिटनची भूमिका यात विसरता येणार नाही. ही आघाडी फ्रान्सच्या लष्करी धोक्याविरुद्ध होती, इतर राज्यांच्या अंतर्गत कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी नव्हे, असे ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री कॅसलरे याने मे १८२० मध्येच लेखी मांडले होते. तथापि, नेपल्सशी झालेल्या कराराच्या आधारे ऑस्ट्रियाने एकट्याने कारवाई करण्यास त्याची फारशी हरकत नव्हती. त्याला खटकत होता तो हस्तक्षेपाचा सरसकट हक्क. स्पेनबाबत मात्र ब्रिटनने १८२२ च्या व्हेरोना परिषदेत स्पष्ट विरोध केला.

प्रतिसाद ३
तत्त्वापेक्षा हितसंबंध वरचढ ठरत, हे ग्रीसवरून दिसते. ग्रीकांचा उठाव उस्मानी (तुर्की) सुलतानाविरुद्ध, म्हणजे प्रस्थापित राजसत्तेविरुद्धच होता, तरीही १८२७ मध्ये नावारिनो येथे ब्रिटन आणि फ्रान्सच्या जोडीने रशियानेच उस्मानी-इजिप्शियन आरमार बुडवले. त्याच रशियाने १८४९ मध्ये हंगेरीतील क्रांती मोडण्यासाठी ऑस्ट्रियाला सैन्य दिले, आणि तोवर मेटर्निख व्हिएन्नातील उठावामुळे पदावरून जाऊन वर्ष उलटले होते.